तणनाशकाची बाटली बंद झाली तर: मराठवाड्यातल्या शेतासाठी वर्षभराचं तणनियोजन

गेल्या आषाढातल्या झडीत आमच्या ओढ्याकडच्या बांधाला भगदाड पडलं. आठ-दहा फूट बांध गाळासकट खालच्या रानात उतरला आणि सोयाबीनची सहा तासं (ओळी) त्याखाली गाडली गेली. त्या बांधावर मी सलग चार पावसाळे ग्लायफोसेट हे तणनाशक मारत होतो. पंधरा दिवसांत हराळी पिवळी पडायची, बांध झाडून काढल्यासारखा दिसायचा आणि मला बरं वाटायचं. पाऊस उघडल्यावर त्या भगदाडात उतरून माती हातात घेतली. मुळं काळी पडून कुजलेली होती, माती नुसती भुसभुशीत होती. शेजारच्या ज्या बांधावर कधी फवारा गेला नव्हता, तो तसाच उभा होता. त्याच्या हराळीच्या मुळ्यांनी माती जाळ्यासारखी धरून ठेवली होती.

तेव्हापासून मी ग्लायफोसेटशिवाय शेती बसवतो आहे. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी चुकलं. ज्यांना हे औषध बंद होण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

कायदा आज कुठे उभा आहे

मोंढ्यातल्या दुकानात बाटली मिळते म्हणून ती आपल्या पिकासाठी आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ग्लायफोसेटची आपल्या देशातली नोंदणी फक्त चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपीक जागेसाठी आहे. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, मोसंबी यांतलं एकही पीक तिच्यात नाही. पंजाबने २०१८ मध्ये आणि केरळने २०१९ मध्ये विक्रीवर बंदी आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने आदेश काढला की हे औषध फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरावं, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः पंप पाठीवर घेऊन मारायचं नाही. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ग्लायफोसेट माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मत त्याच्या उलट आहे. तो वाद शास्त्रज्ञ सोडवतील. आपल्याला एवढं कळलं तरी पुरे की या बाटलीवर आपली शेती टांगून ठेवणं धोक्याचं आहे.

तयारी नसताना बंदी आली की काय होतं, हे श्रीलंकेनं दाखवलं. तिथं २०१५ मध्ये ग्लायफोसेट एकदम बंद झालं. पुढे मजुरांअभावी मळ्यांची ओरड झाली आणि २०१८ मध्ये चहा-रबरासाठी बंदी शिथिल करावी लागली. आपल्याकडे तर दसऱ्यानंतर बीड-धाराशिवची निम्मी माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात, आणि जुलैत एकाच आठवड्यात सगळ्या शिवाराला खुरपणीला बायका हव्या असतात. म्हणून पर्यायाची बांधणी आताच, रान मोकळं असताना करायला हवी.

बाटली नेमकं काय काम करत होती

ग्लायफोसेट पानातून आत जातं आणि मुळापर्यंत उतरतं. हराळी, लव्हाळा, कुंदा यांच्यासारखी जमिनीखाली काशा (आडवी पसरणारी खोडं) आणि गाठी असलेली तणं त्यामुळे मरतात. मातीत पडलं की ते मातीच्या कणांना चिकटून बसतं, त्यामुळे फवारून थोड्या दिवसांत पेरणी करता येते. या दोन गुणांमुळे आपण ते पाच ठिकाणी वापरू लागलो: बांधावर, पेरणीआधी उगवलेल्या तणावर, कपाशीच्या तासांमधून हूड (पिकावर औषध उडू नये म्हणून नोझलला बसवायचं झाकण) लावून, मोसंबीच्या ओळींत आणि शून्य मशागतीच्या गादीवाफ्यांवर.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "त्याच्याऐवजी दुसरं कोणतं देता?" या पाचही जागी चालेल असं दुसरं औषध नाही, आणि त्याच्याऐवजी पॅराक्वाट उचलण्याची चूक तर अजिबात करू नका. ते फक्त हिरवं पान जाळतं, मूळ तसंच राहतं, आठ दिवसांत हराळी पुन्हा फुटते. शिवाय पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात लेकरं असताना ती बाटली आखाड्यावर ठेवणंही मला पटत नाही. बाटली जे काम एका फवाऱ्यात करायची, ते वर्षभरात वाटून घ्यावं लागतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम पेरणीआधी उरकावं लागतं. माझा सगळा अनुभव या एका गोष्टीशी येऊन थांबतो.

सुरुवात शिवारफेरीनं

पोळ्याच्या आगेमागे, तणं ओळखू येतील इतकी वाढलेली असताना, वही घेऊन रानाची फेरी मारा. गट नंबर किंवा रानाचं नाव लिहा (खालचं रान, विहिरीचं, माळाचं) आणि त्यापुढे तिथलं जास्तीचं तण. वहीत दोनच रकाने पुरतात. पहिल्यात बियांवर येणारी हंगामी तणं: केना, माठ, कुर्डू, दुधी, पेटारी, शिप्पी, गाजर गवत. दुसऱ्यात जमिनीखालून फुटणारी: हराळी, लव्हाळा, कुंदा, चांदवेल.

हा भेद कळला नाही तर पुढचं सगळं उलटं पडतं. पहिल्या रकान्यातलं तण लहान असताना हलवलं की मरतं. दुसऱ्या रकान्यातलं तण तोडलं की वाढतं. मी हे पैसे घालवून शिकलो. माळाच्या रानात हराळीचे चार पट्टे होते. तिथं घाईत रोटाव्हेटर फिरवून घेतला. पात्यांनी काशांचे बोटा-बोटाएवढे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला डोळा. आर्द्रा लागेपर्यंत चार पट्ट्यांचं अख्खं रान हिरवं झालं. हराळी किंवा लव्हाळा असलेल्या रानात रोटाव्हेटर घालू नका, आणि दुसऱ्या रानात फिरवलेला रोटाव्हेटर धुतल्याशिवाय आपल्या रानात येऊ देऊ नका.

फाल्गुन ते आखिती: मुळावरचं काम

हरभरा, ज्वारी निघाली की जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरट उरकून घ्या. काळी जमीन एकदा वाळून भेगाळली की ढेकळं एवढी मोठी निघतात की काशा त्यांच्या पोटातच राहतात. सगळं रान दरवर्षी खोल नांगरायची गरज नाही. वहीतल्या दुसऱ्या रकान्यातली रानं तेवढी निवडा, बाकीच्यांना वखराच्या पाळ्या पुरतात. डिझेलचा मोठा खर्च इथेच वाचतो.

हराळीसाठी: नांगरटीनंतर आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या, मग वखर किंवा मोगडा घालून काशा वर ओढा आणि वेचा. वेचलेल्या काशा बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात त्या तिथून परत रानात उतरतात. कडक वाळवून जाळा, किंवा खड्ड्यात खोल पुरा. पुन्हा पंधरा दिवसांनी आडवी पाळी आणि पुन्हा वेचणी. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन हे फुकटचं तणनाशक आहे, फक्त मूळ उन्हापर्यंत आणून द्यावं लागतं.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, पण वेचून त्या संपत नाहीत. एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच असते. कोंब वर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत तो नव्या गाठी धरू लागतो. म्हणून त्याच्यावर घाव घालायचा तो दर दोन-अडीच आठवड्यांनी, नवी गाठ धरायच्या आत. प्रत्येक वेळी गाठीतला साठा कमी होतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हेही लक्षात ठेवा. बोरू दाट पेरून जमिनीत गाडला की दोन कामं होतात, खतही मिळतं आणि लव्हाळाही दबतो. ओलिताची सोय असेल तर त्या रानात एक हंगाम मका किंवा ऊस घेण्याचा विचार करा, कारण त्या पिकांसाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे लव्हाळ्यावर चालणारं तणनाशक नोंदलेलं आहे. एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा तीन ते पाच पानांवर असताना. सोयाबीन किंवा कपाशीत ते चालत नाही.

कुंदा भारी काळ्या रानात फूट-दीड फूट खाली घर करून असतो. पट्टा लहान असेल तर उन्हाळ्यात खोदून काढणं हाच खरा उपाय. जुन्या माणसांनी कुंद्याची रानं अशीच मोडली. जिथं खरीप रिकामा ठेवून रब्बी ज्वारी घेतात, तिथं आणखी एक चांगली संधी आहे. आपले आजे-पणजे ज्वारीच्या रानाला पावसाळाभर उघाड मिळेल तशा चार-पाच पाळ्या घालायचे. ओल धरण्यासाठी ते हे करायचे खरं, पण त्या पाळ्यांनी तणाच्या चार-पाच पिढ्या बी धरायच्या आत मरायच्या. खरिपात पडीक ठेवलेल्या रानात गवत माजू देऊन शेवटी एकदा फवारायची सवय आपण गेल्या पंधरा-वीस वर्षांत लावून घेतली. ती सोडायला फार खर्च येत नाही.

याच दिवसांत उकिरड्याकडेही बघा. अर्धवट कुजलेलं शेणखत म्हणजे तणाच्या बियांची पेरणीच. जनावराच्या पोटातून माठ, कुर्डूचं बी जिवंत बाहेर पडतं. ढीग उंच रचा, पाणी मारा, महिन्या-दीड महिन्यानं उलटा. आतून हात धरवणार नाही एवढा तापला पाहिजे, तरच बी मरतं.

मृगाचा पाऊस आणि पेरणीची घाई

पुस्तकी सल्ला असा की पहिल्या पावसावर तण उगवू द्यावं, वखरानं मोडावं, मग पेरावं. सल्ला बरोबर आहे, पण मराठवाड्यात तो डोळे मिटून पाळता येत नाही. इथे पहिल्या आणि दुसऱ्या पावसात कधी चार दिवस असतात, कधी तीन आठवडे. मी असा हिशेब धरतो. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये अशी शिफारस आहेच. रोहिणीत किंवा मृगाच्या सुरुवातीला तीस-चाळीस मिलीमीटर पडून थांबला, तर ती तणाची उगवण समजायची. वापसा येताच, म्हणजे जमीन औत चालेल इतकी सुकताच, वखराची उथळ पाळी, दोन बोटांपेक्षा खोल नाही. खोल घातली तर खालचं नवं बी वर येतं आणि ओलही उडते. पाऊस एकदम शंभरच्या वर पडला आणि जून सरत आला असेल तर मात्र तण उगवायची वाट बघत बसू नका. सकाळी वखर, मागोमाग पेरणी.

पेरताना तणाचा विचार करायचा तो तासांच्या अंतरात. सोयाबीन ४५ सेंटीमीटरवर, आणि तासं सरळ. सरळ तास म्हणजे पुढे कोळपं तासाच्या जवळून जातं आणि खुरपणीला पट्टा अरुंद राहतो. वाकड्या तासात कोळपं दूर ठेवावं लागतं, मग तणही राहतं आणि मजुरीही वाढते. सोयाबीन-तूर ४:२ (चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर) घेणाऱ्यांनी कोळप्याची पास (माती कापणारं पातं) त्या मापाची आधीच करून घ्यावी.

कपाशीत जुनी चौफुली पद्धत आज पुन्हा कामाची आहे. दोन्ही बाजूंनी सारखं अंतर, तीन बाय तीन फूट, टोकण दोरी धरून. मग औत उभंही चालतं आणि आडवंही. चारही बाजूंनी तण निघतं आणि खुरप्याला फक्त झाडाच्या बुडाशी वीतभर जागा उरते. ज्यांनी हूड लावून ग्लायफोसेट मारायची सवय लावली आहे, त्यांना सगळ्यात आधी हेच करून बघा असं सांगेन.

आणि ज्या कपाशीवर थेट ग्लायफोसेट मारता येतं असं सांगून पाकीट विकलं जातं, त्या बियाण्याला आपल्या देशात परवानगी नाही. त्याचं बिल मिळत नाही. बिल नसेल तर उगवण फसल्यावर तक्रार कुणाकडे करणार? आणि बाटलीच नसेल तर त्या पाकिटाचा जादा पैसा कशासाठी द्यायचा?

पहिले पंचेचाळीस दिवस

सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा यांचं तणाशी खरं भांडण पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत होतं. कपाशीला साठ दिवस धरा. त्यानंतर पिकाची सावली पडते आणि उशिरा आलेलं तण उत्पादनाला फारसं मारत नाही. हातातला सगळा पैसा आणि मनुष्यबळ याच दिवसांत लावायचं. नव्वदाव्या दिवशी रान स्वच्छ करायला दिलेली मजुरी उत्पादनात परत येत नाही. तिथं फक्त बी धरायच्या बेतात असलेली मोठी झाडं उपटा.

सोयाबीनला पहिली कोळपणी पंधरा ते वीस दिवसांनी, दुसरी तीस ते पस्तीस दिवसांच्या आत. फुलं लागल्यावर औत घालू नका, मुळं तुटतात आणि फूल गळतं. कोळपणीचा दिवस मात्र पंचांग किंवा फोन बघून नव्हे, जमीन बघून ठरवायचा. सकाळी मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारताच फुटला की वापसा आला. चिकटून राहिला तर एक दिवस थांबा. ओल्यात कोळपलं की तण उपटतं पण मरत नाही, मुळाला माती तशीच असते आणि संध्याकाळच्या भुरभुरीवर ते परत उभं राहतं. केना तर खासच. त्याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, म्हणून तो कोळपल्यावर गोळा करून बाहेरच काढावा लागतो.

पास धारेची हवी. हंगामाआधी लोहाराकडून पाणी देऊन घ्या. बोथट पास तणाला कापत नाही, नुसती पुढे ढकलते, आणि बैलही लवकर दमतात. बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायला विसरू नका. दुसऱ्या कोळपणीला पास धरणाऱ्या दोन्ही दांड्यांना जाड सुती दोरी गुंडाळून घ्या. त्या दोरीनं माती दोन्ही अंगांना सरकते, तासाच्या बुडाशी भर लागते आणि मधे सरी पडते. भर लागली की बुडातलं बारीक तण मातीखाली गुदमरतं, म्हणजे ज्या जागी कोळपं पोचत नाही तिथलं कामही होतं. सरीत पाणी मुरतं, आणि ऑगस्टमधल्या दडीत ते पीक आठ दिवस जास्त तगतं. आमच्या शेजारच्या काकांनी मला हे शिकवलं. दोरी किती जाड गुंडाळायची हे ते तासाची उंची बघून ठरवतात: पीक वीतभर असेल तर मनगटाएवढी, त्याहून लहान असेल तर अंगठ्याएवढी.

बैल नसतील तर? आज बहुतेकांकडे नाहीत. एका जोडीवर चार-पाच घरांनी भागवायचं असेल तर पेरणीच एक-दोन दिवसांच्या फरकानं करा, म्हणजे कोळपणी एकाच दिवशी येणार नाही. आपल्याकडे इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या रानात बैल-औतासकट जाऊन काम उरकायची रीत, होतीच. तिच्यात आता बैलांसोबत पॉवर वीडर आणि अरुंद चाकांचा लहान ट्रॅक्टरही बसवता येतो. दोन-चार एकरांसाठी सायकल कोळपं पुरतं. यंत्रावर अनुदान हवं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नका. आधीचं बिल चालत नाही.

औषध मारायचंच असेल तर

मी तणनाशकाच्या विरोधात नाही. पिकासाठी नोंदलेलं औषध, नोंदलेल्या मात्रेत, नोंदलेल्या वेळी मारलं तर त्याचा उपयोग होतो. पण ही औषधं ग्लायफोसेटसारखी उशीर चालवून घेत नाहीत. त्यांना वेळ गाठावीच लागते.

पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवणीआधी: सोयाबीन आणि कपाशीत पेंडीमिथॅलिन ३० टक्के, एकरी १ ते १.३ लिटर. हरभऱ्यातही कृषी विद्यापीठांनी त्याची शिफारस केलेली आहे. सोयाबीनमध्ये डायक्लोसुलाम ८४ टक्के, एकरी १२.४ ग्रॅम, हाही पर्याय आहे. जमीन ओली हवी, ढेकळं फुटलेली हवीत. कोरड्या ढेकळांवर मारलेलं औषध वाया जातं. फवारताना मागे मागे चालायचं, म्हणजे फवारलेल्या पट्ट्यावर पाय पडत नाही.

उगवणीनंतर: सोयाबीनमध्ये इमाझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली, पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना. कपाशीत रुंद पानांच्या तणासाठी पायरिथिओबॅक सोडियम १० टक्के, एकरी २५० ते ३०० मिली. नुसतं गवतवर्गीय तण असेल तर दोन्ही पिकांत क्विझालोफॉप इथाईल ५ टक्के, एकरी ३०० ते ४०० मिली. तण गुडघ्याला लागल्यावर यांतलं एकही नीट काम करत नाही, आणि मात्रा दुप्पट केली तर पीक पिवळं पडतं.

मात्रेतली चूक बहुतेकदा पंपात होते. एक सोपी रीत सांगतो. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा आखा. पंपात साधं पाणी मोजून भरा, नेहमीच्या चालीनं तो गुंठा फवारा आणि किती पाणी लागलं ते बघा. समजा ५ लिटर लागलं. म्हणजे एकराला ४० गुंठे गुणिले ५, २०० लिटर. १५ लिटरच्या पंपात ३ गुंठे होतात. आता एकरी ४०० मिलीचं औषध म्हणजे गुंठ्याला १० मिली, पंपाला ३० मिली. एकरी १ लिटर असेल तर गुंठ्याला २५ आणि पंपाला ७५ मिली. झाकणानं अंदाजे ओतणं बंद करा, दहा-वीस रुपयांचं मापं आणा. नोझल पंख्यासारखं किंवा कटवालं वापरा. कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नोझल नको. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. तो नसेल तर कपाशीवर कीटकनाशक मारण्याआधी सोड्यानं तीन वेळा धुवा.

शेजाऱ्याच्या पिकाचं भान ठेवा. ज्वारी-मक्यासाठी २,४-डी मारताना वारा कपाशीच्या दिशेनं असेल तर त्या दिवशी पंप उचलूच नका. त्याचा नुसता वास लागला तरी कपाशीची पानं भेंडीसारखी चिरतात. आणखी एक: इमाझेथापायर आणि डायक्लोसुलामचा अंश जमिनीत राहतो. मागून ज्वारी किंवा भाजीपाला घ्यायचा असेल तर लेबलवरचं अंतर वाचूनच निवड करा. सोयाबीनवर हरभरा घेणाऱ्याला यात फारशी अडचण येत नाही. तोंडाला रुमाल, हातमोजे, पूर्ण बाह्या यांबद्दल वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना वीसहून जास्त माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

बंदीच्या काळात चोरून विकली जाणारी बाटली आणि "जैविक तणनाशक" म्हणून चिठ्ठी चिकटवलेली बाटली, दोन्ही टाळा. लेबल, नोंदणी क्रमांक, बॅच नंबर आणि पक्कं बिल यांतलं एक जरी नसेल तर परत करा.

बांध, पडीक आणि गाजर गवत

बांध स्वच्छ दिसण्याचा हट्ट आधी सोडायला हवा. बांधावरचं गवत कापायचं, मारायचं नाही. श्रावणात एकदा आणि दसऱ्याआधी एकदा ब्रश कटर फिरवला की उंदराला दडायला जागा राहत नाही आणि जनावरांना चारा मिळतो. बांधाला दगड असतील तर पात्याऐवजी नायलॉन दोरी लावा, आणि डोळ्याला चष्मा हवाच. मी भगदाडाची जागा भरून तिथं मारवेल गवताची ठोंबं लावली आहेत. एकदा ते बसलं की गाजर गवताला जागा देत नाही.

गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे घालून. एका झाडाला हजारोंनी बी येतं. फुललेलं उपटून बांधावर टाकलं तर बी तिथंच पिकतं, म्हणून ते खड्ड्यातच गेलं पाहिजे. मेक्सिकन भुंगे दिसले तर त्या पट्ट्याला हात लावू नका, त्यांना खाऊ द्या. दुसऱ्या गावाहून डब्यात धरून आणून सोडले तरी चालतात. गावठाणात आणि रस्त्याकडेला तरोट्याचं बी फेकून ठेवा, तो गाजर गवताला दाबतो. हे एकट्या घराचं काम नाही. आपल्या बांधावरचं उपटलं आणि पाणंदीतलं राहिलं तर पुढच्या वर्षी ते परत येतं.

शून्य मशागत करणाऱ्यांची अडचण

सगळ्यात मोठी कोंडी यांचीच आहे. गादीवाफा न मोडता, आधीच्या पिकाची मुळं जमिनीत ठेवून शेती करणाऱ्या अनेकांनी सगुणा पद्धत अंगीकारली. तिच्यात नांगराचं काम तणनाशक करतं. जमिनीचा पोत सुधारल्याचा त्यांचा अनुभव खरा आहे, आणि बाटली गेली म्हणून त्यांनी नांगराकडे परत जावं असं मी म्हणणार नाही. वाफ्यावरचं तण ग्रास कटरनं जमिनीलगत कापून तिथंच पसरवा. सोयाबीनचं भुसकट, पराट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) भुगा यांचं आच्छादन द्या. हराळीचे पट्टे सुरुवातीलाच कुदळीनं काढा, कारण पूर्ण वाफाभर पसरल्यावर न मोडता ती जाणार नाही. एखादा वाफा एकदा मोडावा लागला तर तेवढाच मोडा, सगळं रान नको. मोसंबीवाल्यांनीही असंच करावं: ओळींत गवत कापत राहा, आळ्यात भुसकट घाला, खोडाजवळ रोटाव्हेटर नेऊ नका.

खुरपं कुणाच्या हातात

तणनाशक गेलं की खुरपणी वाढणार, आणि खुरपणी म्हणजे बायकांचे गुडघे आणि कंबर. माझ्या आईनं चाळीस वर्षं उकिडवं बसून रान काढलं. आज तिला जिना चढता येत नाही. म्हणून ओळीतलं तण काढायला लांब दांड्याचं हातकोळपं आणा, उभ्यानं चालतं. कोळपणी वेळेवर झाली असेल तर एकराला लागणाऱ्या बायका निम्म्यावर येतात. मजुरीचा हिशेब मांडताना फक्त फवारणीच्या खर्चाशी तुलना करू नका. बाटलीचे पैसे, फवारणाऱ्याची मजुरी, फुटलेला बांध दुरुस्त करायचा जेसीबी आणि बांधावरून न मिळालेला चारा, हे चारही आकडे एकाखाली एक लिहा. मग आपल्या गावच्या दरानं खुरपणीचा आकडा त्यांच्याशेजारी ठेवा.

हे सगळं एका वर्षात बसत नाही. पहिल्या वर्षी एकच रान घ्या, शक्यतो हराळी कमी असलेलं. दर महिन्याला वहीत लिहा: कोणत्या तारखेला पाळी घातली, किती बायका लागल्या, कुठल्या कोपऱ्यात लव्हाळा परत आला. पुढच्या फाल्गुनात नांगरवाला आला की त्याला ती वही उघडून त्याच कोपऱ्यावर नेऊन उभं करा.